बूच लावलेला पाइप

बॅगपाइपच्या बँडात एक गोष्ट असते, ती बाहेरच्या माणसाच्या कधी लक्षात येत नाही. रांगेत चालणारा प्रत्येक जण वाजवत असतोच असं नाही.

बॅगपाइपला काखेत धरायची एक पिशवी असते. तिच्यात तोंडाने हवा भरायची आणि कोपराने दाबत राहायचं. पिशवीतून तीन नळ्या खांद्यावर उभ्या राहतात, त्यांना ड्रोन म्हणतात. ते एकच एक सूर धरून ठेवतात. चौथी नळी खाली बोटांत. तो चँटर. धून त्याच्यावर वाजते. ज्याचा हात अजून पक्का झालेला नाही, त्याच्या ह्या चारही नळ्यांच्या मुळाशी आतून बुचं बसवतात. मग पाइप मुका होतो. पिशवी दोन-चार फुंकरांत भरते आणि भरलेलीच राहते, कारण हवेला बाहेर जायला वाट नसते. गाल फुगवायचे, बोटं हलवायची, पावलं टाकायची. बघणाऱ्यांना वाटतं, सगळेच वाजवताहेत.

आमच्या बँडात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या जाहीर कार्यक्रमात बुचं लागतात. आणि एक न लिहिलेला नियम आहे: बुचांबद्दल कोणी बोलत नाही. कुणाला लावली, का लावली, कधी काढली, काही नाही. पेटी उघडायची, बुचं घालायची, पेटी मिटायची.

मलाही लागली होती. एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. मी किल्ट, म्हणजे चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, नेसले, लांब मोजे चढवले, टोपी नीट केली, आणि मेजरांनी माझ्या पाइपमध्ये चार बुचं घातली. मेजर म्हणजे आमचे पाइप मेजर, बँडचे प्रमुख. जन्माने सिंगापूरचे शीख, पोलिसातून निवृत्त झालेले. माझ्याशी ते हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत. मी इथे सगळं मराठीतच लिहिते आहे.

"ह्यात कमीपणा काही नाही, बेटी," ते म्हणाले. "पण हे खोटं आहे, एवढं लक्षात ठेव. जितक्या लवकर संपवशील तितकं बरं."

त्या दिवशी घरी येऊन मी रडले. पीएच.डी. झालेली बाई, चार बुचांवरून रडले.

त्याला कारण होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे. त्या धंद्यात मालक माणसं जास्त दिसावीत म्हणून वाजवता न येणारेही चार जण उभे करतो. कोट सगळ्यांसारखाच लाल, हातात एखादं बंद पडलेलं वाद्य. त्यांना डमी म्हणतात. नानांनी सुरुवात डमी म्हणून केली. मग ट्रम्पेट शिकले आणि पुढे आयुष्यभर वरातीपुढे चालले. जेवायला त्यांना मांडवामागे बसवत, शेवटची पंगत उठल्यावर. घरी ट्रम्पेट खुंटीला असायचा. मी लहानपणी एकदा त्याला तोंड लावलं तर नानांनी पाठीत धपाटा घातला. "हे माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," म्हणाले.

तसंच झालं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, आडपडदा ठेवत नाही. बी.एस्सी., एम.एस्सी., मग डॉक्टरेट, मग सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची नोकरी. राहायला टॅम्पिनीसमध्ये, एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमधली भाड्याची खोली. घरमालकांची मुलगी मला ताई म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलते.

तिथल्याच एका बहुमजली कारपार्कच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी बॅगपाइप वाजायचे. एकदा भाजीची पिशवी हातात घेऊन मी वर गेले आणि कठड्यापाशी उभी राहिले. एक ठेंगणे चिनी आजोबा पोटावर भलामोठा ड्रम बांधून उभे होते. त्यांनी विचारलं, "हे, कॅन प्ले ऑर नॉट?" मी म्हटलं, मला येत नाही, माझे वडील ट्रम्पेट वाजवतात. त्यावर पलीकडून मेजर म्हणाले, "मग फुंकायची भीती नाही. ये."

नानांना हे सांगायला मला बरेच दिवस लागले.

"काय वाजवतीस?"

"बॅगपाइप. पिशवी असते नाना, काखेत दाबायची."

"डागदर हून बँडात गेलीस?"

"इथं पोटासाठी कुणी वाजवत नाही. शाळेतल्या बाई आहेत, निवृत्त पोलीस आहेत, बँकेतले एक जण आहेत."

"मग कशापायी वाजवत्यात?"

"आवडतं म्हणून."

"आवडतं," नाना म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारलं.

ते ठेंगणे आजोबा म्हणजे आमचे बास ड्रमवाले. जन्मभर बस चालवलेली. मी त्यांना ड्रमवाले अंकल म्हणायचे. बास ड्रम म्हणजे बँडची चाल. त्याच्या ठोक्यावर सगळ्यांची पावलं पडतात. मेजर आणि ते तरुण वयात एकाच दिवशी बँडात आले होते, आणि तेव्हापासून मेजर पुढे आणि त्यांचा ठोका मागे, अशी दोघांची चाल ठरून गेली होती. एकमेकांना चांगलं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

गच्चीवर वाजवलं की आजूबाजूच्या ब्लॉकमधून, म्हणजे राहत्या इमारतींमधून, तक्रारी येत. म्हणून अधूनमधून आम्ही सगळं सामान घेऊन बमबोटीने, म्हणजे छोट्या मोटरबोटीने, पुलाउ उबीन बेटावर जायचो. तिथे तक्रार करायला फक्त रानडुकरं. बोटवाला ड्रमकडे बघून म्हणायचा, ह्याला वेगळी जागा लागेल. ड्रमवाले अंकल इथल्या रीतीने वाक्याला 'ला' जोडून म्हणायचे, "माझा मुलगा आहे ला. जरा जाडा आहे."

अशाच एका सकाळी उबीनच्या धक्क्याजवळ आम्ही नारळपाणी पीत बसलो होतो. मेजरांना त्या दिवशी धाप लागली होती. ड्रमवाले अंकल त्यांच्याकडे तिरके बघत होते.

"मी मेलो की तूच वाजवायचं," ते मेजरांना म्हणाले. "दुसरं कोणी नको. ही मुलगीपण नको, ती घाई करते."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तर ढोल बडवीन. तुझ्या नातेवाइकांना रडायला सुचणार नाही."

"आणि मी वाजवताना चुकलो तर?"

"चुकून बघ. शवपेटीतून उठून बसेन ला."

"मग मुद्दाम चुकेन," मेजर म्हणाले.

हसण्यावारी गेलं, पण बोलणं पोकळ नव्हतं. बँडातलं कोणी गेलं की आमच्याकडे एक रीत आहे. सगळ्या ड्रमांवर काळं कापड घालतात, त्या दिवशी एकही ड्रम वाजत नाही. बाकीचे रस्त्याच्या कडेला उभे राहतात. शववाहिनी ब्लॉकपासून मोठ्या रस्त्यापर्यंत पावलापावलाने जाते, घरची माणसं गाडीला हात लावून मागून चालतात, आणि गाडीच्या पुढे पाइप मेजर एकटा, मंद चालीची धून वाजवत. मोठ्या रस्त्यावर तो वळून गाडीकडे तोंड करतो आणि गाडी पुढे निघून जाईपर्यंत थांबत नाही.

मेजरांची फुप्फुसं आखडत चालली होती. हे बँडात कुणाला ठाऊक नव्हतं. मला कळलं ते रीडवरून. चँटरच्या आत बोरूची एक छोटी रीड असते, ती कडक असली की जोर जास्त लागतो आणि आवाज भरीव येतो. बँडाच्या रीडा तासून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मेजर आधी सगळ्यांत कडक रीड घ्यायचे. मग एकदा म्हणाले, थोडी हलकी कर. मग अजून थोडी. शेवटी त्यांनी जी मागितली, ती आम्ही शाळेतल्या मुलांना देतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय," ते म्हणाले. "तू रीड तास."

ड्रमवाले अंकल झोपेतच गेले. मेजरांचा फोन आला. "तो गेला," एवढंच म्हणाले. मग, "क्लबात ये. खोलीची किल्ली आण."

कम्युनिटी क्लबातली आमची सरावाची खोली दारं-खिडक्या बंद, एसी लावलेली. मेजरांनी पाइप काढला, पिशवी भरली, ड्रोन लागले, आणि भिंतीच्या कडेकडेने ते चालू लागले. धून तीच, मंद. पहिली ओळ इतकी स्वच्छ वाजली की मला वाटलं, उगाच घाबरतोय आपण. दुसऱ्या ओळीत त्यांचा चेहरा काळवंडला. पिशवीतली हवा कमी पडली की पाइप एकदम गप्प होत नाही. आधी चँटर किंचाळतो, मग ड्रोन कण्हत कण्हत खाली येतात. तसंच झालं. ते भिंतीला टेकले. मी पाणी दिलं.

पुन्हा उठले. पुन्हा तिथेच तुटलं.

खुर्चीवर बसून ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "बुचं आण."

"कुणासाठी?"

"इथे अजून कोण आहे?"

त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. ते पुढे चालतील, मुका पाइप घेऊन. मी त्यांच्या मागे, गाडीच्या पुढे, वाजवत. दोन पाइप आहेत असंच सगळ्यांना वाटेल. "तुझा हात माझाच आहे," ते म्हणाले. "मीच शिकवलाय. ऐकणाऱ्याला फरक कळायचा नाही."

"मेजर, त्यांच्या घरच्यांना सांगू या ना. ते समजून घेतील."

"समजून घेतील. तेच नको आहे मला." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं, मीच वाजवणार म्हणून. आज सकाळी ती मला म्हणाली, तू आहेस ना, मग मला बाकी कशाची काळजी नाही. उद्या ती गाडीला हात लावून चालणार. समोर मी दिसलो पाहिजे आणि धून वाजली पाहिजे. मधे तुटली तर ती आयुष्यभर तेवढंच लक्षात ठेवेल. दुसरा काही मार्ग असला तर सांग."

मी बुचांची डबी काढली. माझ्यासमोर त्यांनी बुचांना खोटं म्हटलं होतं, हे त्यांनाही आठवत असणार. दोघांनीही तो विषय काढला नाही.

घरी जाताना मी नानांना फोन केला.

"नाना, तुम्ही डमी होता तेव्हा कसं वाटायचं?"

"आज ह्ये कुठनं काढलंस?"

मी सगळं सांगितलं.

"मी डमी हुतो तवा मला काय येतच न्हवतं," ते म्हणाले. "शिकाऊ मानूस. त्यात कसली लाज? पर ज्यानं उभा जल्म वाजवलं त्येला डमी करायचं... नगं करू पोरी."

"ते स्वतःच म्हणतात, नाना."

"म्हनंना का. तू बूच ढिलं बसीव, सूर निगू दे त्येचा."

"नाना!"

"मग इचारलंस कशाला?"

पलीकडे खाट करकरली. "माझं म्होरचं दात गेलं, ठावं हाय न्हवं? दात गेल्यावर टरम्पेट व्हटावर बसत न्हाई. मालक म्हनला, कोट घाल, नुसता हुबा ऱ्हा, तुजं त्वांड लोकांच्या वळखीचं हाय. मी न्हाई गेलो."

मला हे माहीत नव्हतं. माझी नोकरी लागली म्हणून नानांनी बँड सोडला, असं मी इतकी वर्षं समजत होते. चार लोकांत तसं सांगतही होते, अभिमानाने.

दुसऱ्या दिवशी अंकलच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मांडव होता. गोल टेबलं, त्यांवर शेंगदाणे आणि ज्यूसच्या डब्या, अशुभ टळावं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला घ्यायला ताटलीत लाल दोरे. भिक्षूंचं पठण चाललं होतं. तिथे पाइप जुळवणं शक्य नव्हतं, आणि बुचं घालणं तर नव्हतंच. ब्लॉकच्या टोकाला रहिवाशांची एक खोली होती, एसीची. आम्ही दोघं आत गेलो आणि मी कडी लावली.

मेजर पूर्ण पोशाखात होते. पगडीला काळी पट्टी. त्यांचा पाइप मी मांडीवर घेतला आणि एकेक नळी काढून बुचं बसवली. ढिली नाही. अंगठ्याने दाबून नीट बसवली. चौथं बूच घालताना ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी पिशवी भरली. हवा कुठूनच बाहेर आली नाही.

"आता तुझा लाव," ते म्हणाले.

मी ड्रोन जुळवले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

इथे आमची चूक झाली. थंड खोलीत जुळवलेला पाइप सिंगापूरच्या उन्हात तसा राहत नाही. चँटर तापतो आणि चढतो, ड्रोन मागे राहतात. म्हणून जुळवला की बाहेर उभं राहायचं, पाइपला हवेची सवय होऊ द्यायची आणि पुन्हा जुळवायचा. नवीन माणसाला आम्ही हे पहिल्या दिवशी सांगतो. शिवाय उष्णतेने पदार्थांचं काय होतं, ह्यावर तर माझी डॉक्टरेट आहे. पण बुचं लावलेला पाइप कुणाला दिसू नये म्हणून आम्ही शेवटपर्यंत आतच बसून राहिलो. दारावर थाप पडली. ड्रमवाल्या अंकलचा मुलगा मेजरांना म्हणाला, अंकल, गाडी तयार आहे. आम्ही कडी काढली आणि सरळ उन्हात गेलो.

आमची माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. ड्रमांवर काळी कापडं. मेजर पुढे झाले. मी त्यांच्या मागे, माझ्यामागे गाडी, गाडीमागे ड्रमवाल्या अंकलची बायको, मुलं, नातवंडं. मेजरांनी डावं पाऊल टाकलं, मी पिशवी दाबली.

धून निघाली. मेजरांची बोटं माझ्याबरोबर पडत होती, चूक नाही, मागेपुढे नाही. पाठमोरा ताठ माणूस, खांद्यावर तीन ड्रोन. तेच वाजवताहेत, असं मलासुद्धा क्षणभर वाटलं. बास ड्रमाचा ठोका नव्हता, तरी त्यांची पावलं त्याच चालीवर पडत होती.

लहान मुलांच्या खेळायच्या जागेपाशी पोचलो आणि मला ते ऐकू आलं. चँटर वर सरकत होता. आधी बारीक थरथर, मग सूर एकमेकांवर घासायला लागले. बाहेरच्या माणसाला एवढंच वाटलं असतं की काहीतरी कडवट वाजतंय. पण माझे दोन्ही हात चँटरवर अडकलेले. एक हात काढला तर धून तुटणार. नाही काढला तर हा कडवटपणा वाढत वाढत मोठ्या रस्त्यापर्यंत जाणार. मी पिशवीचा दाब कमी-जास्त करून पाहिला. उलट बिघडलं.

पुढे मेजरांची मान किंचित वळली. त्यांनी ऐकलं होतं. अर्थात ऐकलं होतं. त्यांची बोटं थांबली, पुन्हा हलायला लागली, पुन्हा थांबली. मी मनात म्हणत होते, नको. चालत राहा. एवढाच रस्ता उरलाय.

त्यांनी चँटर सोडला. दोन्ही हात सोडले. चँटर पोटावर लोंबकळायला लागला, आणि धून चालूच राहिली. वाटेच्या दोन्ही बाजूंना आमची सगळी माणसं उभी होती. मागून घरची सगळी माणसं बघत होती. मेजर जागच्या जागी वळले, सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले, मी जवळ पोचल्यावर माझ्या डाव्या बाजूला आले आणि माझ्या पावलाला पाऊल जोडून चालायला लागले. मग हात वर करून त्यांनी माझ्या खांद्यावरचा मोठा ड्रोन धरला. कान जवळ आणला. ड्रोन किंचित खाली ढकलला. घासणं मंदावलं. दुसरा धरला, खाली घेतला. तिसरा. धाप लागलेली मला ऐकू येत होती, अगदी कानाशी. आणि मग सूर जुळले. थरथर नाहीशी झाली, चारी नळ्यांचा मिळून एकच आवाज झाला आणि ब्लॉकच्या भिंतींवरून परत आला.

ते परत पुढे गेले नाहीत. माझ्या बाजूनेच चालत राहिले, एक हात वर, ड्रोनवर. फुगलेली पिशवी तशीच काखेत.

मोठ्या रस्त्याशी आम्ही दोघं वळलो आणि गाडीकडे तोंड करून उभे राहिलो. गाडी आमच्या समोरून गेली. मागची माणसं बसमध्ये चढू लागली. अंकलच्या पत्नी थांबल्या. त्यांनी मेजरांकडे पाहिलं, मग लोंबकळणाऱ्या चँटरकडे, मग परत मेजरांकडे. मुलाने हात पुढे केला, तो धरून त्या पायरी चढल्या. बस दिसेनाशी होईपर्यंत मी वाजवत होते.

थांबल्यावर मेजर म्हणाले, "मधला ड्रोन अजून जरा वर हवा होता."

"ऐकू आलं मला."

"मग?"

"दोन्ही हात चँटरवर होते, मेजर."

"हं," ते म्हणाले.

आम्ही परत मांडवात आलो. माणसं टेबलं मिटत होती. बँडातले सगळे एका कोपऱ्यात जमले, टोप्या काढल्या, कापडं काढून घड्या घातल्या. कोणी काही बोललं नाही. आमच्या नियमाने बोलायचंच नव्हतं. मेजर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पिशवी अजून भरलेली होती. बुचं लावलेली पिशवी आपणहून रिकामी होत नाही. त्यांनी सगळ्यांदेखत चँटर उपसला आणि बोटाने बूच काढलं. हवा बाहेर आली, बराच वेळ येत राहिली. सूर नाही, नुसती हवा. पिशवी त्यांच्या मांडीवर सपाट झाली.

साइड ड्रम वाजवणाऱ्या शाळेतल्या बाई ट्रे घेऊन आल्या. "मेजर, काळी कोपी ओ की दुधाची?"

"कोपी ओ. साखर नको." त्यांनी कप घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला देऊ नका. एसीत पाइप जुळवला आणि तसाच उन्हात आणला हिने."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीपण आतच होता, मेजर," मी म्हटलं.

"मी होतो," मेजर म्हणाले. "पण मी कुठे वाजवत होतो?"

शाळेतल्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, रुमाल तोंडाला लावला, आणि हसता हसता रडायला लागल्या. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "आयो, मेजर," आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. मग सगळेच खुर्च्या ओढायला लागले.